गळ्यात अडकवायची पाटी

मी पाटी बोलतेय. अक्षरं गिरवायची गुणी पाटी मी नव्हे. मी माणसांच्या गळ्यात अडकवायची पाटी आहे, आणि आज मी गोडीगुलाबीने बोलणार नाही.

जन्माने मी संत्र्याच्या पेटीचं झाकण. कळमेश्वरकडच्या एका बागेतून संत्री घेऊन नागपुरात आले, पेटी फुटली आणि मी मनीषनगरच्या विक्रम सरांच्या हाती लागले. दुकानावरच्या एका खोलीत ते इंग्रजी बोलायला शिकवतात. त्यांनी मला पांढरा रंग फासला, दोन भोकं पाडली, सुतळी ओवली आणि काळ्या अक्षरांत इंग्रजीतून लिहिलं, 'आय मेड अ मिस्टेक'.

'मेड'खाली लाल रेघ मारली. सरांचा सगळा जीव त्या एका शब्दात. मराठीत आपण चूक करतो, अभ्यास करतो, मदत करतो, लग्नही करतो. एका 'करणे'वर अख्खा संसार निघतो. इंग्रजीत तसं भागत नाही. तिथे मिस्टेकच्या आधी 'मेक' लागतं, होमवर्कच्या आधी 'डू', फोटोच्या आधी 'टेक'. प्रत्येक नामाची जोडी ठरलेली, आणि 'डू अ मिस्टेक' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या दाताखाली खडा येतो. हे शिकवायलाच हवं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण त्या सुतळीशी आहे.

क्लासचा नियम असा, की जोडी चुकली किंवा मराठी शब्द तोंडून गेला की मी गळ्यात. सुटका दुसऱ्याची चूक पकडल्यावरच. मग मला त्याच्या गळ्यात घालायचं आणि आपण मोकळं व्हायचं. शिकायला आलेली भली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे टपून बसायला लागली. हळूहळू सगळ्यांना कळलं, की तोंडच उघडलं नाही तर गळा रिकामा राहतो. बोलायला शिकवायचा क्लास आणि कोणी चकार शब्द काढत नाही! सर त्याला शिस्त म्हणायचे. असा संताप व्हायचा माझा!

हर्षा कळमेश्वरहून बसने यायची. नुकतीच पदवी झालेली, नागपुरात नोकरी हवी होती. सुरुवातीला काय बोलायची! घरच्या म्हशीपासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळं इंग्रजीत सांगायची, चुकायची, हसायची. मी चार-दोनदा तिच्या गळ्यात पडले आणि पोरगी मिटली. तिच्या शेजारी दामिनी बसायची. मुलीच्या शाळेतल्या मॅडमशी बोलता यावं म्हणून ती आली होती. तिने तर गप्प राहण्यात पहिला नंबर मिळवला होता.

मे महिना होता. खोलीत पत्र्याचा जुना कूलर घरघरत होता. खालून पाणी झिरपून फरशी ओली झालेली, आणि चपला दाराबाहेर ठेवून सगळे अनवाणी बसलेले. हर्षा जागेवर जाताना तिचं कोपर कूलरला लागलं आणि ती दचकून मागे सरली. बसली नाही. हात वर केला.

"सर, कूलर... शॉक इज कमिंग."

सरांचा चेहरा खुलला. "कमिंग? कळमेश्वरच्या बसने येतो काय शॉक?" वर्ग हसला. "वन गेट्स अ शॉक! एव्हरीबडी, रिपीट!"

सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, 'गेट अ शॉक'. पुन्हा म्हटलं. आणखी एकदा म्हटलं. कूलरकडे एकानेही मान वळवून पाहिलं नाही. सरांनी मला खिळ्यावरून काढलं आणि हर्षाच्या गळ्यात घातलं.

"पण सर, तो पत्रा..."

"नो मराठी!"

ती खाली बसली. तिचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं. तेवढ्यात सरांनी दामिनीला कूलरचं तोंड फळ्याकडे फिरवायला सांगितलं. दामिनी उठली. हर्षाने तोंड उघडलं आणि मिटलं. बरोबर वाक्य शोधत होती हो ती! गळ्यात माझं ओझं, आणि डोक्यात 'डू' की 'मेक' की 'गेट'. तेवढ्यात दामिनीने ओल्या फरशीवरून पत्र्याला हात लावला आणि तो हात तिथेच चिकटला. तिला ओरडताही येईना.

"ताई! बटन बंद करा गा कोणी!"

हर्षाने मला गळ्यातून ओरबाडून काढलं आणि दोन्ही हातांनी दामिनीच्या मनगटावर हाणलं. मी कोरडं लाकूड. दामिनीचा हात सुटला आणि ती मागे कोसळली. तेव्हा कुठे कोणीतरी बटनाकडे धावलं.

दामिनीचा श्वास चालू होता. पाणी पाजलं, उठवून बसवलं. तळहात भाजला होता. सर पांढरेफटक पडले होते, तरी तोंडून निघालं काय?

"हर्षा, यू शुड हॅव टोल्ड मी."

"सांगतलं होतं ना, सर!" हर्षा कडाडली. "तुमी जोडी ऐकली. गोष्ट नाही ऐकली."

"अन् आमी काय केलं?" दामिनी म्हणाली. "आमीबी 'गेट अ शॉक' म्हणून राहिलो होतो. कोणाले वाटलं नाही का उठून पाहावं."

सरांनी मला उचलायला हात पुढे केला.

"तिले हात नका लावू, सर. मी नेऊन राहिली घरी," हर्षा म्हणाली.

असा माझा कळमेश्वरला परत प्रवास झाला. हर्षाने पहिल्याच दिवशी सुतळी कापून चुलीत टाकली. ती आता फोनवर इंग्रजी बोलते, चुकली तर तिथेच सुधारते आणि पुढे बोलत राहते. विक्रम सरांनी म्हणे नवी पाटी आणली आहे, प्लास्टिकची. ऐकून माझं अंग जळतं. तुमच्या गळ्यात कोणी अशी पाटी घालायला आलंच, तर माझी एवढी विनवणी आहे, मान पुढे करू नका. आणि घातलीच, तरी सांगायचं ते पुरतं सांगून मगच खाली बसा.

मी सध्या कूलरपुढे जमिनीवर पडलेली असते. हर्षाची आई जिजाबाई माझ्यावर उभी राहून कूलरात पाणी भरते. तिच्या पायांनी 'मेड' पुसलं गेलंय, खालची लाल रेघही गेली.

"हर्षा, बटन बंद केलं का वं?" ती रोज विचारते.

"केलं वं, माय. पिनच काढली."

जिजाबाई तरी एकदा वळून पाहते. मगच माझ्यावर पाय ठेवते.