कसालच्या नाक्यावरचा वार्ताफलक

आधीच सांगून टाकतो मित्रांनो, शाळेतला फळा मी नव्हे. पाढे आणि शुद्धलेखन माझ्या वाट्याला कधी आलं नाही. मी जुना वार्ताफलक, कसालच्या नाक्यावर दाजींच्या हॉटेलाच्या भिंतीला लटकलेला. साऱ्या जगाची भांडणं मी या अंगावर वागवली आहेत, म्हणून थोडा शिष्टपणा करतो. तेवढा चालवून घ्या.

गणपत मेस्त्रींनी मला फणसाच्या फळीतून घडवलं. एका घराचा दरवाजा करून उरलेली ती फळी. रंधा मारताना ते म्हणाले होते की हे लाकूड दगा देणार नाही. काळा रंग लागला, दोन खिळे ठोकले गेले आणि दुसऱ्याच दिवशी खडू घेऊन एस्पेरांसा टीचर माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

टीचर नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. सकाळची प्रार्थना आटोपून त्या यायच्या, दोन वर्तमानपत्रं शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या आणि माझ्या मधोमध एक आडवी रेघ ओढायच्या. रेघेच्या वर बातमी, खाली स्वतःचं मत आणि मताखाली सही. दोन्ही पेपरांत आलेलं असेल तेच वर जायचं. मत मात्र काय झणझणीत असायचं! एकदा त्यांनी लिहिलं, ‘शेजारच्या देशाचा कांदा चालतो आणि माणूस चालत नाही, अशा पुढाऱ्याच्या पंगतीला मी बसणार नाही.’ युद्धाची बातमी आली की त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असे, पुरावा कुठे आहे? ज्यांची मुलं बोटीवर कामाला होती, त्या आया बाजाराची पिशवी खाली ठेवून मला वाचायच्या. कौतुक काय विचारता, मी नुसता फुगलो होतो.

मग हमरस्ता रुंद झाला. हॉटेल मागे सरकलं आणि मी पावणेदोन वर्षं नारळाच्या सोडणांच्या ढिगात पडून राहिलो. वाळवी माझ्या एका कोपऱ्यात शिरली. तोवर बातम्या लोकांच्या मोबाइलवर येऊ लागल्या होत्या, त्यामुळे माझी आठवण कोणाला होणार? टीचरना झाली. त्यांनी दाजींना धारेवर धरून मला बाहेर काढायला लावलं, स्वतः रंग दिला. हे उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ अडखळते.

बाजारामागच्या दोन बंद घरांची कुलपं फुटली होती. सगळा गाव धास्तावला होता. अशात एका सकाळी पोलिसांनी स्टँडवरच्या विनीत रिक्षावाल्याला जीपमध्ये बसवलेलं टीचरनी पाहिलं. पेपरात काहीच नव्हतं. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं असेल, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी रेघेच्या वर लिहिलं, ‘चोर सापडला. आपल्याच स्टँडवरचा विनीत.’ मी लाकूड, मी काय करणार? गुमान अंगावर घेतलं.

विनीत चोर नव्हताच. चोर त्याच्या रिक्षातून गेला होता आणि तो कसा दिसतो हे विचारायला पोलिसांनी त्याला नेलं होतं. संध्याकाळी तो घरी आला. दुसऱ्या सकाळी टीचरनी मला पुसलं, पण तोवर माझे फोटो मुंबईला आणि गोव्याला पोचले होते. लोक विनीतची रिक्षा ओलांडून मागच्या रिक्षात बसू लागले.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको रुक्मिणी आली. ओरडली नाही, रडली नाही. टीचरच्या समोर उभी राहून म्हणाली, "टीचर, दुनियेतल्या मोठ्या मोठ्या लोकांका तुमी रोज इचारतास, पुरावो खंय आसा म्हणान. माझ्या घोवाच्या वेळेक तो प्रश्न खंय गेलो?"

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, अगदी वाळवी लागली तेव्हासुद्धा नाही.

टीचरनी मला स्वच्छ पुसलं आणि रेघ न ओढता लिहायला घेतलं. ‘विनीत निर्दोष आहे, त्याच्यामुळेच पोलिसांना चोराचं वर्णन मिळालं, मी शहानिशा न करता लिहिलं, मी त्याची माफी मागते.’ दाजींनी सुचवलं की खालच्या कोपऱ्यात चार ओळी लिहा, म्हणजे बोभाटा होणार नाही. त्यावर टीचर म्हणाल्या, "दाजी, चूक मोठ्या अक्षरांनी केलीय. माफी बारीक अक्षरांनी कशी मागू?"

आणि हे कोणी पुसायचं नाही, असं त्यांनी बजावलं. पुसण्याचा हक्क एकट्या विनीतचा.

दिवस जाऊ लागले. तिकडे आखातात लढाई पेटली. बोटीवरच्या मुलांच्या आया कासावीस होऊन विचारायला यायच्या, टीचर त्यांना तोंडी सांगायच्या, पण मला हात लावायच्या नाहीत. म्हातारीचं डोकं फिरलं असंही कोणी म्हणालं. माफीचे फोटो कोणी फारसे काढले नाहीत, हेही खरंच सांगतो. टीचर मात्र रोज विनीतच्याच रिक्षातून, भर बाजारातून यायच्या. तो एक शब्द बोलायचा नाही. त्यांना बसलेलं पाहून आधी एकजण बसला, मग चौघे बसले.

बाराव्या दिवशी सकाळी विनीतने रिक्षा उभी केली, दाजींकडून ओलं फडकं घेतलं आणि माझ्यासमोर आला. स्वतःचं नाव त्याने दोनदा वाचलं. मग सगळं पुसून टाकलं आणि खडू टीचरच्या हातात दिला.

"आता पुरे टीचर," तो म्हणाला. "त्या लढायेचा काय झाला तां लिवा. बारा दिवस आमका धड कायच कळूक नाय."

टीचरनी पदराने डोळे टिपले आणि लिहायला सुरुवात केली. तो पहिल्या ओळीपासून वाचत उभा राहिला.

पुष्कळ हात माझ्यावर फिरले मित्रांनो, पण स्वतःची चूक लिहिण्याएवढा मोठा हात टीचरचाच. तुमच्या खिशातही आता एकेक फळा आहे. त्यावर कोणाचं नाव लिहाल तर आधी त्या माणसाला विचारा. आणि चुकलंच, तर जिथे लिहिलं तिथेच उभे राहून सांगा, आणि पुसायचं फडकं त्याच्या हातात द्या.