कुंदूचा विमा आणि दोन कोंबडे

मी मोटारसायकल बोलतेय, आणि तीही बैठकीच्या खोलीतून. हसू नका. आमच्या बुंगोमा गावात गाडी रात्री अंगणात ठेवली तर सकाळी नुसतं अंगण उरतं, म्हणून आम्हाला घरात घेतात. सोफ्यावर जसा क्रोशाचा रुमाल आहे, तसाच माझ्या मालकिणीनं, नांजालाबाईनं, माझ्या सीटवरही घातलाय. पाहुणे आले की मला वळसा घालून बसतात आणि चहाचा कप सरळ माझ्या टाकीवर ठेवतात.

माझं माहेर चाकणचं. तिथल्या एका कारखान्यात मी घडले. माझे नट आवळणारा कामगार दिवसभर मुकादमाच्या नावानं बोटं मोडायचा, तेवढी मराठी कानात राहिली, तीच आज कामी येतेय. मग मला खोक्यात भरून समुद्रापार पाठवलं आणि बुंगोमाच्या दुकानात पुन्हा जोडलं. लाल टाकी, काळी सीट. दिसायला मी बरी होते, हे मी माझ्या तोंडानं कशाला सांगू? पण सांगते.

मला विकत घेतलं नांजालानं. बाजाराच्या तोंडाशी ती चहा आणि मांदाझी विकते. पिठाचे ते गोड त्रिकोण तळून तळून तिनं माझे पैसे जमवले. घेतलं मात्र स्वतःसाठी नाही, भाच्यासाठी. कुंदूचा बाप, म्हणजे तिचा भाऊ, लवकर गेला. पोराला आत्यानंच वाढवलं. नवरा वारल्यापासून घरात ही दोघंच. कुंदू एकोणीस वर्षांचा, बांबूसारखा उंच. मित्राच्या गाडीवर उसाच्या फडातल्या वाटेनं तो शिकला. शिकताना त्यानं ऊस पुष्कळ पाडला, माणूस एकही नाही.

चौकात भाड्याच्या मोटारसायकलींचा थांबा आहे. बोडा-बोडा म्हणतात त्यांना. तिथला एक गडी नैरोबीला गेला आणि रांगेतली एक जागा रिकामी झाली. अशी जागा वर्षानुवर्षं रिकामी होत नाही. थांब्याचा चेअरमन खाएंबा म्हणजे एकदम कडक माणूस. तो कुंदूला म्हणाला, "सोमवारी सकाळी विम्याचं स्टिकर लावून ये. नसेल तर घरीच झोप. जागा दुसऱ्याला देईन."

त्याचंही बरोबर होतं. आदल्या वर्षी एकानं बिनविम्याची गाडी भाजीवालीच्या अंगावर घातली होती, आणि तिच्या पायासाठी सगळ्या थांब्यानं कित्येक महिने वर्गणी काढली होती.

शुक्रवारी मला ढकलत ढकलत विम्याच्या एजंटाकडे नेलं. त्याचं नाव मुलोंगो. मला वाटलं, हा आता माझं इंजिन बघेल, दोन शब्द कौतुकाचे बोलेल. कसलं काय! त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बघत राहिला तो कुंदूकडे.

"वय?"

"एकोणीस."

"याआधी कुठली गाडी होती?"

"ही पहिलीच."

कोणी वारल्याचा निरोप यावा तसा सुस्कारा मुलोंगोनं सोडला आणि वर्षाचा हप्ता सांगितला.

नांजालानं डोक्याला बांधलेला फडका कानावरून मागं सारला. "मुलोंगोभाऊ, अख्ख्या थांब्याचा विमा सांगितलात काय?"

"एकाच गाडीचा, बाई."

"मग ही काय सोन्याची आहे? एवढ्या पैशात मी सगळ्या बुंगोमाला मांदाझी खाऊ घालीन, वर चहा!"

"गाडीचं काही नाही हो. पैसे पोराच्या वयाचे आहेत. या वयात ब्रेक कुठे असतो ते पडल्यावर आठवतं."

"बरं, माझ्या नावानं काढा. माझं वय भरपूर आहे."

"चालवणार तुम्ही?"

नांजालानं एकदा माझ्या सीटकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या घेराकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला.

"रविवारी घरी येतो," मुलोंगो म्हणाला. "गाडी कुठे ठेवता, पोर कसं आहे, ते बघतो. मग पाहू काही जमतं का." त्या 'पाहू'वर दोघांनी दोन दिवस काढले. जमलं नाही तर माझी रवानगी पुन्हा दुकानात, हे मला पक्कं कळलं होतं. नुसत्या उभ्या गाडीला घरात ठेवायला नांजाला काही सावकारीण नव्हती.

रविवारी प्रार्थनेहून आल्या आल्या कोंबडा कापला. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. इथल्या बुकुसू लोकांच्या घरी कोंबडा शिजला की त्याचा पेटा, म्हणजे दाणे भरडणारी ती चिवट गोल पिशवी, घरच्या कर्त्या पुरुषाचा. पाहुणा आला तर मग पाहुण्याचा. तंगडी कमी पडली तर कोणी रुसत नाही. पेटा वाढला नाही, तर मात्र पाहुण्याला दारातून हाकलल्यासारखंच झालं.

त्या घरात पुरुष एकटा कुंदू. त्यामुळे गेली काही वर्षं पेटा त्याचाच. आत्या आत कपडे बदलत होती आणि हा चुलीपाशी बसून घाबरत होता. घाबरला की याला भूक लागते. मी बैठकीतून बघत होते. त्यानं झाकण काढलं, सवयीनं हात घातला, सवयीनं तोंडात टाकलं आणि सवयीनं गिळलं. मला हॉर्न वाजवायचा होता, पण किल्ली त्याच्याच खिशात.

मुलोंगो आला. कुंदूनं हातावर पाणी घातलं, नांजालानं उगालीचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, डोंगर आणि रश्शाचं पातेलं समोर ठेवलं. पाहुण्यानं बाह्या वर सारल्या. तंगडी बाजूला केली. कोंबड्याची मान उचलून तिच्याखाली पाहिलं. मग चमच्यानं पातेल्याचा तळ गाठला, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून.

"नांजालाबाई," तो फार गोड आवाजात म्हणाला, "हा कोंबडा जगत कसा होता?"

"म्हणजे?"

"याला पेटाच नव्हता."

आत्यानं मान वळवली. कुंदू माझ्या मागं लपायला बघत होता.

"खाल्लास?"

"मीठ बघत होतो, आत्या."

"मीठ रश्शात असतं रे गाढवा!"

मुलोंगोनं हात पुसले. "येतो मी. उद्या ऑफिसात या. पूर्ण हप्ता घेऊन या."

पण दारात नांजाला उभी राहिली, आणि ती दारात उभी राहिली की दार उरत नाही. "माझ्या घरून पाहुणा उपाशी उठला तर मी बाजारात तोंड कसं दाखवू? बसा. दुसरा कोंबडा येतोय. कुंदू, नदीपलीकडे मामाकडे जा आणि मोठ्यातला मोठा घेऊन ये. पळ!"

कुंदू माझ्याकडे आला. त्यानं हॅण्डलवर हात ठेवला. अहो, काय सांगू, टाकीतलं पेट्रोल हललं माझ्या! मामाचं घर माझ्यासाठी म्हणजे चहा निवायच्या आत जाऊन येण्याची गोष्ट. पहिली खरीखुरी सफर! त्यानं जिथं स्टिकर लावायचं त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं. हात काढला. आणि पायीच पळत सुटला.

मला असा संताप आला म्हणता! पाहुण्यासमोर एवढा अपमान! घरात घोडा बांधलाय आणि धनी अनवाणी पळतोय.

मुलोंगोही खिडकीतून बघत होता. "गाडी इथं, किल्ली त्याच्या खिशात, आणि हा पळत गेला?"

"स्टिकर नाही ना," नांजाला चहा ओतत म्हणाली.

"रविवारी कोण बघतंय?"

"मीही तेच म्हटलं होतं त्याला, सकाळी चर्चला जाताना. मला म्हणाला, रस्त्यावर बायापोरं रविवारीही असतातच; त्या दिवशी काय त्यांची हाडं लोखंडाची होतात?"

मुलोंगो पुन्हा खिडकीकडे वळला. चहा मात्र त्यानं दोनदा मागून घेतला. माझा रागही तिथंच उतरला, हे कबूल करते.

कुंदू परतला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, अंगभर घाम, आणि काखेत एक भलादांडगा कोंबडा. दोघांत कोंबड्याचीच तब्येत बरी दिसत होती. या वेळी नांजाला स्वतः पळी घेऊन पातेल्याशेजारी पहाऱ्याला बसली. कुंदूला तिनं अंगणाच्या पलीकडे उभं केलं होतं.

पेटा आला. मुलोंगोनं तो डोळे मिटून खाल्ला. बोटं चाटली, पाणी प्याला आणि म्हणाला, "हप्ता कमी करणं माझ्या हातात नाही. दर कंपनी ठरवते."

नांजालाची पळी वर गेली. "मग दोन कोंबडे कशाचे खाल्लेत?"

"पाहुणचाराचे. ऐका तरी! वर्षाचे पैसे एकदम भरायला हवेत असं थोडंच आहे? महिन्याचं स्टिकरही मिळतं. दर महिन्याला कमवायचं, दर महिन्याला भरायचं."

पळी हवेतच.

"हे शुक्रवारी का नाही सांगितलंत?"

"अनोळखी पोराला मी सांगतच नाही. पहिल्या महिन्याचं स्टिकर घेतात, पुढं तसेच बिनविम्याचे हिंडतात, कोणाला तरी उडवतात, आणि नाव माझं जातं. घरात गाडी असून पायी पळणारं पोर मी आजवर पाहिलं नव्हतं."

"मग तो पळत गेला तेव्हाच सांगायचं!"

"सांगणार होतो, बाई. पण पेट्याआधी कामाचं बोलायची आमच्यात पद्धत नाही."

सोमवारी सकाळी माझ्या कपाळावर स्टिकर चढलं. खाएंबानं ते नखानं खरवडून पाहिलं, तारीख वाचली आणि कुंदूच्या अंगावर पिवळं जाकीट फेकलं. "रांगेत शेवटी उभा राहा. आणि ऊस पाडू नकोस."

गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. नांजाला मांदाझीची टोपली घेऊन समोर उभी होती. "पहिली मी बसणार. आणि भाडं देणार. भवानी फुकट करायची नसते."

ती बसली तशी माझी मागची स्प्रिंग पार जमिनीला टेकली. कुंदू निघाला, पण इतका जपून, की आधी एक सायकलवाला पुढं गेला, मग एक म्हातारा गाय घेऊन पुढं गेला. मागून अख्खा थांबा ओरडत होता, "ए कुंदू, वरात आहे की गाडी?"

"हळू काय चालवतोस?" आत्यानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "एवढा हप्ता भरलाय, पळव की!"

कुंदूनं वेग काही वाढवला नाही. ती वरून ओरडत होती खरी, पण टोपली मांडीवर धरून तिचा एक हात त्याच्या कमरेला घट्ट होता. दुसऱ्यानं ती डोळे पुसत होती. मला सीटवरून सगळं कळत होतं.

आता मी जुनी झाले. माझ्यावरून सोफे गेले, शेळ्या गेल्या, एकदा नवरी आणि तिची सासू एकाच वेळी गेल्या, भांडत. कुंदूच्या हातून अपघात नाही, वयही वाढलं, त्यामुळे दर वर्षी त्याचा हप्ता उतरतो. माझी किंमतही उतरते, पण त्याचं मला वाईट वाटत नाही.

पोरांनो, तुमची पहिली गाडी घ्यायला जाल तेव्हा विम्याचा आकडा ऐकून एजंटाला शिव्या घाला. नांजालानं घातल्याच होत्या. पण मग चालवा मात्र हळू. मी मोडले तर दुकानात दुसरी लाल गाडी उभीच आहे. नांजालाला दुसरा कुंदू कुठल्या दुकानात मिळणार?