पिवळ्या धाग्याची बाई

"पानी घ्या," म्हणत बेबीनंदाने तांब्या पुढे केला. भुजंगराव सगळं पाणी एका दमात प्याले. अठरा वर्षांपूर्वी याच हसनाबादच्या शिवारात ते तिच्या हातचं पाणी चुकवायचे, आत्ताच प्यालो म्हणायचे. आज तांब्या रिकामा केला, तरी तिने तिकडे पाहिलं नाही. ती मूग निवडत बसली.

"कसं काय आल्ते, साहेब?"

"असंच. रिटायर होऊन सहा वर्षं झाली."

"मंग?"

या 'मंग'ला उत्तर तयार होतं. जालन्याहून पहाटेच्या एसटीत बसल्यापासून ते घोकत आले होते. पण घोकलेलं ऐन वेळी निघून जातं, तसं ते गेलं.

"बेबीबाई, त्या साली कपाशीचा प्लॉट फेल गेला. त्यात तुमचा कसूर नव्हता."

तिचा हात सुपात चालूच होता.

भुजंगराव तेव्हा एका बियाणे कंपनीचे सुपरवायझर होते. कपाशीचं बी तयार करायचं म्हणजे नाजूक काम. संध्याकाळी बायांनी कळी नखाने सोलून आतले नर काढायचे, वर लाल कागदाची पिशवी घालायची. सकाळी त्या कळीवर नराच्या ओळीतलं फूल फिरवायचं आणि देठाला धागा बांधायचा. प्रत्येकीचा धाग्याचा रंग वेगळा, म्हणजे कुणाचं काम ते कळावं. बेबीनंदाचा पिवळा. वीस बायांत तिचं नख सगळ्यात सफाईचं होतं.

एका लग्नाहून परतल्यावर भुजंगराव उशिरा उठले. नराची फुलं वेळेत तोडून घेतली नव्हती, ती कमी पडली. त्यांनी शेजारच्या साध्या कपाशीतली फुलं तोडून टोपलीत मिसळली. एका दिवसाने काय होतं, असं वाटलं. पुढच्या साली बी उगवून पाहिलं तर भेसळ निघाली. कंपनीचे साहेब बांधावर उभं राहून विचारू लागले, तेव्हा भुजंगरावांनी बोट केलं, "ही पिवळ्या धाग्याची बाई. हिनं कळ्या नीट सोलल्या न्हाईत." गावकुसाबाहेरच्या वस्तीतली ती एकटीच त्या कामावर होती. तिच्या बाजूने कुणी बोलणार नाही, हे त्यांना माहीत होतं. भुजंगरावांना अक्कल उशिरा आली असं कुणी म्हणेल, पण अक्कल तेव्हाही होती, तीच वापरली होती.

हे त्यांनी फक्त पुष्पाबाईंना, बायकोला, सांगितलं होतं, तेही ती अंथरुणाला खिळल्यावर. ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग? जिला सांगायचं तिला सांगा." त्यानंतर ती गेली. मुलगा पुण्यात. दोन खोल्यांच्या घरात दिवसभर टीव्ही बोलत असे आणि भुजंगराव त्याच्यासमोर गप्प बसत.

ते आता सगळं बोलले. लग्न, टोपली, साहेब. शेवटी म्हणाले, "माफी मागायला आलो."

"माझी कशाला?" बेबीनंदाने एक खडा वेचून बाजूला टाकला. "मला तर तवाच ठावं व्हतं. माझं नख मला ठावं न्हाई का? ज्यांला ठावं न्हाई त्यांला सांगा."

"आता कोन राह्यलं त्यातलं?"

"गोजरबाई हाय. बाकी नव्या पोरी. प्लॉटवाल्या काकासायबाच्या त्याच वावरात तेच क्रॉसिंगचं काम करून राह्यल्या." तिने सूप खाली ठेवलं. "तुमी बोल्लात न् जेवायची सुट्टी झाली. वाटंनं जानाऱ्या परक्या मानसालाबी 'या जेवाया' म्हनत्यात. मला एकीनंबी म्हनलं न्हाई. लिंबाखाली एकटीनं भाकर खाल्ली. मंग चार गावात कोनी कामाला सांगितलं न्हाई."

भुजंगरावांना वाटलं होतं, चार भिंतींत होईल आणि दुपारच्या एसटीने परत जाता येईल. ती उठली, धुतलेलं लुगडं नेसून आली आणि पुढे चालू लागली.

भुजंगराव चप्पल काढून बांधावर उभे राहिले. ओळींतून पंधरा-सोळा बायांची डोकी वर आली. ते बोलले. लग्नापासून साहेबांपर्यंत सगळं सांगितलं. नव्या पोरींना धड कळेना, हे म्हातारं कोण आणि कशाबद्दल बोलतंय.

गोजरबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. म्हणाली, "मला तवाच शंका आल्ती." मग बेबीनंदाकडे पाहून मान खाली घातली. "आल्ती, पन बोल्ले न्हाई."

मग एक पोरगी हळूच म्हणाली, "म्हनून व्हय पिवळा धागा कोनी घेत न्हाई? आमाला वाटायचं, असंच."

धाग्याच्या डब्यात पिवळं रीळ तळाला पडून होतं. बेबीनंदाने ते उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि एका रिकाम्या ओळीत शिरली. लाल पिशवी काढायची, फूल फिरवायचं, धागा बांधायचा. बोटं सुरुवातीला अडखळली, मग लागली कामाला. भुजंगराव बांधावर उभे होते. ती एकदा तरी वर पाहील, असं त्यांना वाटत होतं. तिने ओळ संपवली.

अकराला काम थांबलं. बाया लिंबाखाली बसल्या, फडकी सुटली. गोजरबाईने सरकून जागा केली. "ये बेबी, बस हितं." बेबीनंदा बसली. तिने भाकरी आणली नव्हती, तर चारी बाजूंनी तुकडे पुढे आले.

भुजंगरावांनी चप्पल चढवली. लिंबाजवळूनच वाट होती. ते जवळ आले तशा बाया बोलायच्या थांबल्या आणि सगळ्यांनी बेबीनंदाकडे पाहिलं. तिने तोंडातला घास गिळला.

"या जेवाया," ती म्हणाली. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही म्हणावं तसंच. ना कमी, ना जास्त.

भुजंगरावांनी मान हलवली.

"होऊ द्या," ते म्हणाले, आणि रस्त्याला लागले.