दुरुस्ती चालू आहे

…टेबलावरच्या कुंडीत खोचलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवर ताईचं अक्षर — "आठवड्यातून एकदाच पाणी. लाड नकोत." शाई उडत चालली होती, 'लाड' तेवढं ठसठशीत उरलं होतं. तो ते पुन्हा पुन्हा वाचत होता आणि काम तसंच पडलं होतं.

ताईच्या रोपवाटिकेची वेबसाइट तोच सांभाळायचा. महिन्या-दोन महिन्यांनी डेटाबेस दगा द्यायचा, रोपांची यादी गायब व्हायची, पडद्यावर एक रूक्ष इंग्रजी ओळ उरायची. की लगेच ताईचा फोन — "अरे, पुन्हा बंद पडलं बघ तुझं ते! गिऱ्हाइकं माझ्या नावानं बोटं मोडतायत." तो मुद्दाम रेंगाळत दुरुस्त करायचा, कारण काम होईपर्यंत ती फोन ठेवायची नाही, मग जेवलास का, खोकला गेला का, आवाज असा का येतोय… साइट सुरू झाली की "बरं, ठेवते." एरवी फोन नाही. भांडण नव्हतं, असतं तर मिटवता तरी आलं असतं.

काल तिचा निरोप आला होता. "त्या इंग्रजीऐवजी नीट पान लाव. आणि बिघाड झाला की तुला आपोआप कळेल असं कर. दरवेळी मी कशाला तुझा जीव खाऊ?"

खा ना, त्याला लिहायचं होतं. त्यानं "करतो" लिहिलं.

आज पान झालं. हिरवी कडा, खाली मजकूर: "थोडी अडचण आली आहे. आम्हाला कळलं आहे, दुरुस्ती चालू आहे. फोन करण्याची गरज नाही." तपासायला डेटाबेसशी जोडणी खरोखर तुटायला हवी, म्हणून त्यानं त्या जोडणीच्या पासवर्डातलं एक अक्षर चुकवलं. हे साइटच्या वेगळ्या प्रतीवर करायचं असतं, हे ठाऊक असून त्यानं चालू साइटवरच केलं. पान उमटलं, त्याच्या ईमेलमध्ये सूचना टपकली. सगळं चोख.

अक्षर परत घालायला दोन सेकंद पुरले असते. पालथा फोन त्यानं उताणा केला आणि हात मांडीवर ठेवून बसला. दहा मिनिटं… दुपारी ती ऑर्डरी बघतेच — वीस मिनिटं, फोन वाजला नाही. म्हणजे तिनं पान वाचलं, आणि विश्वास ठेवला.

त्यानं अक्षर दुरुस्त केलं. रोपं परत आली. मग ताईच्या नावावर अंगठा टेकवता टेकवता तो थांबला. काही बिघडलेलं नसताना पहिलं वाक्य काय बोलायचं असतं?

"ताई, काही नाही गं… सहजच," त्यानं कुंडीला म्हणून बघितलं. आवाज फाटका आला. त्यानं घसा खाकरला आणि पुन्हा म्हणून बघितलं.