परतीचा दिवस

लामू बेटाच्या गल्ल्यांत दुपारी भरतीचा वास शिरतो, तेव्हा माणसं अर्धी घरात असतात नि अर्धी समुद्रात. म्वानाकोंबो तशीच गच्चीवर बसून लेकीच्या लग्नासाठी जाईच्या कळ्या ओवत होती, आणि कळ्यांआडून तिला अजून न आलेली धाकटी बहीण झेयाना दिसत होती. पाण्यावरून चालत येणारी, चपला हातात धरलेली.

"आई, कळी नाही, बोट ओवतेयस," शम्सा म्हणाली. ती नवरी, पण मावशीचा देशात यायचा परवानाही तीच फोनवरून मागत होती.

झेयाना लग्न होऊन मस्कतला गेली नि तिथलीच झाली. जन्म इथला, पासपोर्ट तिथला. आता माहेरी यायचं तरी परदेशी पाहुण्यासारखी आधी परवानगी घ्यायची. पूर्वी उत्तरेचा वारा सुटला की तिकडची गलबतं आपसूक येत. वाऱ्याला कुणी काही विचारत नसे.

फोनवर उत्तर आलं. वाचता वाचता शम्साचा चेहरा उतरला.

"अडवला अर्ज! परतीचं तिकीट जोडा म्हणतात. आई, मी सांगत होते तुला!"

"सांगत होतीस, बाई."

म्वानाकोंबोनेच बहिणीला बजावलं होतं, येण्याचं तेवढं तिकीट काढ. उंबऱ्यात पाऊल पडायच्या आधी जायचा दिवस कुणी बोलू नये. त्यांचे वडील गलबतावर होते. एकदा आल्या आल्या दारातच ते म्हणाले, "शुक्रवारी निघायचंय." शुक्रवारी निघाले, आणि समुद्राने ते शीड पुन्हा कधी दाखवलं नाही.

"सरकारला आजोबांचं काय ठाऊक?" शम्सा म्हणाली. "आलेला माणूस जाणार ना, एवढंच त्यांना बघायचं असतं."

"त्यांच्या घरी कुणी पाहुणं जातच नसेल."

"जातं की. परतीचं तिकीट दाखवून!"

म्वानाकोंबोला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. लग्नात बायका म्हशीच्या शिंगांवर काठी वाजवत गातात. त्यातलं एक गाणं आईने दोघी बहिणींत वाटून दिलं होतं, सवाल थोरलीला, जबाब धाकटीला. झेयाना आली नाही, तर लेकीच्या लग्नात सवाल नुसताच हवेत लोंबकळणार.

तेवढ्यात झेयानाचाच फोन आला. "ताई, लग्न तोंडावर आलंय. तू म्हणशील त्या दिवसाचं तिकीट काढते. सांग, कधी जाऊ?"

कधी जाऊ! अजून आलीसुद्धा नाहीस गं. म्वानाकोंबोने डोळे मिटले. पाण्यावरून येणारी ती ओली पावलं मध्येच थांबली होती, तिच्या शब्दाची वाट बघत. तिने शब्द अडवला असता, तर ती तिथेच विरघळली असती.

"पुनवेनंतरचा सोमवार," ती म्हणाली. मांडीवरची जाई घरंगळून खाली पडली.

परवाना आला. मग एका सकाळी होडीही आली, आणि धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवरून झेयाना चपला हातात धरून चढली. दोघी बहिणी गळ्यात पडल्या. घरी पोचेपर्यंत निम्मी गल्ली मागे होती.

शेजारची रेहेमाबी दारातूनच ओरडली, "पाहुणीला दोन दिवस बसवा, तिसऱ्या दिवशी कुदळ द्या हातात!" म्हण जुनीच, तरी सगळ्या हसल्या.

म्वानाकोंबोने बहिणीला बैठकीत नेलंच नाही. थेट स्वयंपाकघरात नेऊन खवणीवर बसवलं नि हातात नारळाची कवड दिली.

"अगं ताई, हात तरी धुऊ दे! कुदळ तिसऱ्या दिवशी ना?"

"ती पाहुणीला. सोमवारी जायचंय तेही पाहुणीने. घरच्या माणसाचा जायचा दिवस मी कुठं बोललेय?"

झेयाना खवणीवरून उठली. मग तिने हात धुतले, बाह्या सरसावल्या आणि कवड खवणीच्या दातांवर टेकवली. पांढरा चुरा परातीत पडू लागला.

म्वानाकोंबोने गच्चीवर जाऊन कळ्यांची टोपली पुढे ओढली. सुईत दोरा घालता घालता तिने हलकेच सवाल सोडला,

*कुणाच्या गं दारी वारा पाऊल थांबवी?*

क्षणभर खवणी थांबली. मग खालून, नारळाच्या खरखरीतून, जबाब वर आला,

*माझ्या माहेराच्या दारी, जाई वाट मला दावी.*