शहात्तरच बरे होते

बाळ चार दिवसांचं. हृदयात पंप दोन हवेत, याला एकच; त्यातूनच फुप्फुसांना आणि अंगाला रक्ताची वाटणी. तासाभरात ऑपरेशन होतं. पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा शहात्तर, ओठ जांभळट.

लेक बाळंतपणाचे टाके सांभाळत खुर्चीत बसलेली. "आई, शहात्तर कमी नाही का गं?"

"तुझे गणितात पडायचे त्याहून बरेच आहेत," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. मीही नाही.

नर्स औषध भरायला वळली. भिंतीवर बाळाच्या ऑक्सिजनची कळ होती. घरी गॅसपासून गिझरपर्यंत सगळं मीच दुरुस्त करते. तोच माज नडला. चार श्वास जास्त मिळाले तर काय बिघडलं? फिरवली कळ.

बाळ गुलाबी झालं. चौऱ्याण्णव! लेक चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई त्याला न्यायला आल्या. आकडा बघून त्यांनी थेट त्याचे तळपाय धरले. "पाय बर्फ झालेत. ऑक्सिजन कोणी वाढवला?"

नर्स पांढरीफटक. "मॅडम, मी नाही..."

"मी," मी म्हटलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कळ मागे फिरवत म्हणाल्या, "आजी, ऑक्सिजन जास्त झाला की याची फुप्फुसंच सगळं रक्त ओढतात, अंगाला उरत नाही. अशात भूल दिली तर हृदय थांबेल. शहात्तरच बरे होते."

"मग आता?" लेकीने विचारलं. माझ्याकडे न बघता.

"रक्तदाब मी बघते. पाय कोमट झाले की नेते. नाही झाले तर..." त्या पायांपासून बाजूला झाल्या. "आजी, इकडे या. पाय धरा. चोळू नका. आणि खरं तेच सांगा."

चिमणीएवढे पाय. नव्वद. पंच्याऐंशी. कुणाचे मार्क उतरावेत म्हणून मी जन्मात पहिल्यांदा देवाला विनवत होते.

"पाय?"

लेक आता माझ्याकडे बघत होती. 'कोमट' म्हण, असं.

"गारच."

शहात्तर.

"आता?"

अंगठ्यापाशी ऊब लागली. पण ती त्याची की माझ्या घामेजल्या हातांची, कळेना. मी हात काढले, पुसले, गार पडू दिले. मग पुन्हा धरले.