बाळकुमच्या शेताचा पंचनामा

कोरोनाच्या वर्षी सरकारने शेतकऱ्यांना मदत दिली. शहराने वेढलेल्या आमच्या बाळकुम गावात ती माझ्या बाबांना, सहदेव भोईरांना मिळाली. लगेच कुणीतरी तक्रार केली, की एवढ्या टॉवरांच्या मधे शेतकरी आला कुठून? चौकशीला माणूस येईपर्यंत बाबा दुसऱ्या लाटेत गेले होते.

तलाठी भाऊसाहेब आले तेव्हा शेतात गुडघाभर गवत होतं.

"शेती कुठाय, मॅडम?"

"बाबा होते तोवर दरवर्षी भात लावायचे. आता पडीक आहे."

"मग लावताना बघितलेले दोन पंच द्या. नाहीतर नाव बोगस लाभार्थ्यांत जाईल. ऑफिसच्या भिंतीवर लागेल."

पैसे परत करायला माझी हरकत नव्हती. बाबांच्या नावाला 'बोगस' हा शब्द चिकटलेला मात्र मला बघवला नसता.

"मी हाय ना!" हौसाआत्या पुढे झाली. "सही देते, अंगठा देते, काय पायजे ते देते."

"तुम्ही सख्ख्या बहीण. नात्यातला पंच चालत नाही."

"मंग आख्खा गाव बाद कर. हितं नात्याबाहेर कोन हाय?"

नात्याबाहेरचे म्हणजे टॉवरवाले. त्यांचं आणि बाबांचं कधी पटलं नाही. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरी मंदाकिनीताई सरकारी गाडी बघून खाली आल्याच.

"आलात एकदाचे! किती अर्ज केले मी या भोईरांविरुद्ध. भर लॉकडाऊनमध्ये शेणखत पसरलं हो यांनी. आम्ही घरात कोंडलेले आणि खिडकी उघडायची सोय नाही."

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "कधी?"

"मे महिन्यात. मग पावसाळाभर बेडूक! म्हटलं, भोईर, त्या बेडकांचं काहीतरी करा. तर म्हणाले, मॅडम, मी फक्त भात लावला, बेडूक आपले आपण आले."

"भात लावताना तुम्ही पाहिलं?"

"म्हणजे काय! कमरेत वाकून, तोंडाला मास्क लावून. चिखलात कोण यांच्या जवळ येणार होतं? आणि पीक आल्यावर पाखरं हाकायला भल्या पहाटे पत्र्याचा डबा बडवायचे. थांबा, केदारला बोलावते."

त्यांचा मुलगा केदार वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली हाफपँट अशा ऑफिसच्या वेषात आला. "हो, बडवायचे. अमेरिकेतल्या बॉसला वाटायचं, आमच्याकडे रोज लग्न असतं."

त्या वर्षी कुणाचीच शोकसभा झाली नाही. बाबांची बहुधा हीच होती.

भाऊसाहेबांनी लिहिलेलं वाचून दाखवलं: सदर इसम शेतात खत घालीत, भाताची लावणी करीत व पाखरे राखीत.

"अहो, हे तर त्यांच्या बाजूचं झालं!" मंदाकिनीताई म्हणाल्या.

"यातलं खोटं काय आहे?"

"खोटं मी कशाला बोलेन? पण आम्हाला त्रास झाला, तेही लिहा. तरच सही."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"लिहा," मी म्हटलं. "भरपूर झाला, असं लिहा."

त्यांनी तसं लिहिलं. मायलेकांनी सह्या केल्या.

"म्हणजे आता ते नाव?" मी विचारलं.

"शेतकरीच," भाऊसाहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

मंदाकिनीताई गवताकडे बघत उभ्या राहिल्या. "गेल्याचं कळलं होतं. पण तेव्हा आम्हाला गेटबाहेर सोडत नव्हते." मग एकदम हातावर चापट मारून म्हणाल्या, "डास किती झालेत! यापेक्षा भात बरा होता."

"मंग ये ना लावनीला," आत्या म्हणाली. "कमरेत वाकशील का?"